ईबेवरचं ऑक्शन सेलर मधेच बंद करतोय? शिवराई हातची जाण्याआधी काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते कळेल.

वॉचलिस्टमध्ये जुन्या भारतीय नाण्यांचा एक लॉट आहे, ऑक्शन रविवारी रात्री संपणार आहे, तुम्ही आठवडाभर रोज उघडून बघताय, किंमत अजून ९९ पेन्सवरच आहे, एकही बिड नाही. शुक्रवारी सकाळी बघता तर लिस्टिंग संपलेलं. वर लिहिलेलं असतं की सेलरने लिस्टिंग संपवलं कारण वस्तू आता उपलब्ध नाही. किंवा लिस्टिंगमध्ये चूक होती म्हणून संपवलं, असं. दुसरा प्रकार म्हणजे तुम्ही बिड लावलेली असते आणि मेल येतो की तुमची बिड रद्द झाली, कारण काहीच कळत नाही. तिसरा प्रकार, रात्री ऑक्शन चालू होतं आणि सकाळी तेच लिस्टिंग विकलं गेलेलं दिसतं, ऑफर स्वीकारली अशी नोंद असते. आणि चौथं लक्षण फार उशिरा दिसतं आणि तेच सगळ्यात जास्त लागतं, महिना-दीड महिन्याने त्याच लॉटमधलं एक नाणं, तोच ओरखडा, तीच कडेची चीर, एखाद्या डीलरकडे ठरीव किमतीला लागलेलं दिसतं, आणि किंमत अख्ख्या लॉटच्या कित्येक पट.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि मराठ्यांची तांब्याची नाणी, म्हणजे शिवराई वगैरे, जमवतो. इथे कंपनीच्या आणि राणीच्या काळात हिंदुस्थानात नोकरी करून परत आलेल्या लोकांच्या घरातून, म्हणजे आता त्यांच्या पतवंडांच्या घरातून, बिस्किटांचे डबे निघतात आणि त्यात रुपये, पैसे, ढब्बू, काय काय असतं. विकणाऱ्याला वाचता येत नाही, तो 'जुनी इंडियन कॉपर कॉइन्स' असं लिहून ईबेवर लावून टाकतो. नाशिक, सातारा, पुण्याकडच्या आमच्या संग्राहक मित्रांचं यावर बारीक लक्ष असतं आणि दर महिन्याला कुणाचा तरी मेसेज येतोच की दादा, लिस्टिंग गायब झालं, काय करू. इतक्यांदा तेच तेच सांगून झालंय की म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

मी स्वतः हे शिकलो ते एका चौदा नाण्यांच्या लॉटवर. फोटो अगदी धुरकट होता, पण कोपऱ्यातल्या एका नाण्यावर तीन ओळींत 'श्री', 'राजा', 'शिव' असं लागत होतं, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ, अक्षर मोकळं आणि ठसठशीत. उत्तरकाळातल्या दुदांडी शिवराईवर अक्षरं तुटलेली, बसकी होत जातात, हे तसं वाटत नव्हतं. मी काय केलं, तर काहीच नाही. बिड लावली तर बाकीच्यांचं लक्ष जाईल म्हणून गप्प बसलो, शेवटच्या सात सेकंदांत मारायची असं ठरवून. गुरुवारी लिस्टिंग संपलं. पुढे साधारण सहा आठवड्यांनी ते नाणं मला दिसलं, दुसऱ्याकडे, पुसून स्वच्छ केलेलं. ते पुसलेलं बघून जास्त वाईट वाटलं. तीनशे वर्षांची पाटिना, म्हणजे तांब्यावर चढलेला जुना थर, कुणीतरी घासून काढली होती.

आता तपासण्या. फुकट आणि सोप्या आधी, कटकटीच्या नंतर.

सगळ्यात आधी नुसतं वाचा, लिस्टिंग कसं संपलं ते. याला काही खर्च नाही आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. सेलरने संपवलं, ईबेने काढून टाकलं, कुणीतरी 'बाय इट नाउ'ने, म्हणजे ठरीव किमतीला लगेच, घेतलं, आणि ऑफर स्वीकारली, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक चारही गोष्टींना 'सेलरने फसवलं' म्हणतात. ईबेने काढलेलं लिस्टिंग असेल तर तिथे खासगी सौदा झालाय असं धरून चालू नका, ते नियमात बसत नसल्यामुळे गेलेलं असू शकतं. 'बाय इट नाउ'ने गेलं असेल तर कुणीतरी उघड किंमत मोजून नियमाने घेतलंय, तक्रारीला जागाच नाही. हे का तपासायचं, तर पुढची प्रत्येक पायरी यावर ठरते. ज्याने काही चुकीचं केलेलं नाही अशा सेलरला तुम्ही रागाचा मेसेज केलात तर तो तुम्हाला ब्लॉक करतो आणि त्याच डब्यातला पुढचा लॉट तुम्हाला घेताच येत नाही. एका मित्राचं अगदी असंच झालंय.

दुसरं, ऑक्शनला 'बाय इट नाउ' किंवा 'बेस्ट ऑफर' (घेणाऱ्याने आपली किंमत सुचवायची सोय) जोडलेलं होतं का ते आठवा, आणि पुढच्या वेळी पहिल्या दिवशीच बघून ठेवा. अशा लिस्टिंगमध्ये सेलरने ऑफर घेणं हे पूर्ण कायदेशीर असतं, त्यानेच ते दार उघडं ठेवलेलं असतं. पण ते दार कधी बंद होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बहुतेक कॅटेगरीत पहिली बिड पडली की 'बाय इट नाउ' आणि 'बेस्ट ऑफर' दोन्ही बटणं गायब होतात. म्हणजे ९९ पेन्सची एक बिड टाकून तुम्ही ते दार लावून घेऊ शकता. अपवाद रिझर्व्ह प्राइसचा, म्हणजे सेलरने झाकून ठेवलेल्या किमान किमतीचा, रिझर्व्ह असेल तर तो गाठला जाईपर्यंत 'बाय इट नाउ' राहतं, तेव्हा तिथे लहान बिडचा काही उपयोग नाही.

आता तिसरी तपासणी, आणि खरं दुखणं इथेच आहे म्हणून जरा लांबवतो. स्वतःला विचारा की लिस्टिंग बंद झालं तेव्हा त्यावर एक तरी बिड होती का, आणि ऑक्शन संपायला किती तास उरले होते.

ईबेचा नियम असा आहे. बिड नसेल तर सेलर ऑक्शन केव्हाही बंद करू शकतो, शेवटच्या तासातसुद्धा. बिड असेल आणि १२ तासांपेक्षा जास्त वेळ उरला असेल तर तो बिड रद्द करून बंद करू शकतो किंवा त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या बिडरला विकू शकतो, वर बिड असताना बंद केल्याबद्दल ईबे त्याला फीही लावू शकते. आणि बिड असेल आणि १२ तासांपेक्षा कमी उरले असतील तर बिड रद्द करून मोकळं होता येत नाही, लवकर संपवायचंच असेल तर सगळ्यात मोठ्या बिडरलाच द्यावं लागतं. बारकावे साइटप्रमाणे थोडे बदलतात, इंग्लंडची, अमेरिकेची, जर्मनीची हेल्प पानं वेगळी आहेत, ती एकदा वाचा, पण गाभा हाच.

आता याचा अर्थ बघा. आपण सगळे स्नायपिंग शिकलेलो, शेवटच्या क्षणी बिड मारायची, तोपर्यंत चेहरा दाखवायचा नाही. किंमत वाढू नये म्हणून ते बरोबरच आहे. पण दहा जण वॉचलिस्टमध्ये घेऊन गप्प बसले तर सेलरला काय दिसतं? बिड शून्य. नऊ दिवस झाले, कुणी हात लावला नाही. आजीचा डबा आहे, त्याला वाटतं हे ९९ पेन्सला जाणार आणि पोस्टात जायचा त्रासही अंगावर पडणार. तेवढ्यात एका डीलरचा मेसेज येतो की मी आत्ता ८० पाउंड देतो, लिस्टिंग बंद करा. तो हो म्हणतो. मी त्याच्या जागी असतो तर मलाही मोह झाला असता. आपल्या शांत बसण्यानेच त्याला घाबरवलेलं असतं, आणि नियमानेही त्याला अडवणारं काही उरलेलं नसतं, कारण बिड नाही.

म्हणून मी गेली काही वर्षं दोन टाके घालतो. पहिला टाका, लिस्टिंग दिसलं आणि घ्यायचं ठरलं की लगेच सुरुवातीच्या किमतीची बिड. किंमत याने वाढत नाही, ईबेची बिड प्रॉक्सी पद्धतीने चालते, तुम्ही १० पाउंड कमाल लिहिलेत तरी पहिली बिड ९९ पेन्सवरच दिसते, दुसरा कुणी आला तरच पुढे सरकते. दुसरा टाका, ऑक्शन संपायला १२ तास उरले की परत उघडायचं आणि बिड जागेवर आहे ना ते बघायचं. नसेल, म्हणजे मधे रद्द झाली असेल आणि ऑक्शन अजून चालू असेल, तर तेव्हा पुन्हा लावायची. आपली खरी मोठी बिड मात्र शेवटच्या काही सेकंदांतच, त्यात बदल नाही.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळ सांगतो कारण इथे फार जण चुकतात. इंग्लंडमधली बरीच ऑक्शन्स रविवारी संध्याकाळी संपतात, धरा आठ वाजता. हिवाळ्यात ते तुमच्याकडे सोमवारी पहाटेचे दीड असतात, उन्हाळ्यात घड्याळ पुढे गेलं की साडेबारा. म्हणजे १२ तासांची रेघ तुमच्याकडे रविवारी दुपारी दीडला किंवा साडेबाराला येते. रविवारचं जेवण झालं की फोन उघडायचा, इतकं सोपं आहे. रात्री दीडचा गजर सगळे लावतात, दुपारचा कुणीच लावत नाही, आणि निसटायचं असतं ते त्या दुपारच्या आधीच निसटलेलं असतं.

यावर लोक म्हणतात की लवकर बिड लावली तर इतरांचं लक्ष जातं. जातं, खोटं कशाला बोलू. एक बिड पडली की अजून एक-दोन जण येतात आणि शेवटी चार-पाच पाउंड जास्त मोजावे लागतात. पण ते जास्तीचे पाउंड लॉट टेबलावर राहण्यासाठी आहेत. चौदा नाण्यांचा लॉट मी पाच पाउंड वाचवायला गेलो म्हणून गमावला. आणि हो, जे घ्यायचं नाही त्यावर 'कुलूप' म्हणून बिड लावू नका, बिड म्हणजे शब्द दिलेला असतो, आणि ती मागे घ्यायला ईबे अगदी मोजकी कारणं मान्य करते, रक्कम लिहिताना चूक झाली किंवा वस्तूचं वर्णनच नंतर बदललं अशी.

चौथं, बिड हिस्टरी उघडा. लिस्टिंग संपलं तरी ती बऱ्याचदा दिसते. बिडरची नावं झाकलेली असतात, दोन अक्षरं आणि मधे चांदण्या, पण रद्द झालेल्या बिड खाली वेगळ्या दाखवलेल्या असतात. सगळ्यांच्या बिड एकदमच रद्द झाल्यात की फक्त तुमची, हे बघायचं. सगळ्यांच्या असतील तर सौदा बाहेर झाला असावा किंवा वस्तूच हरवली-फुटली असावी. फक्त तुमची असेल आणि ऑक्शन चालू असेल तर कारण तुमच्याकडे आहे. एखादा सेलर शून्य फीडबॅकवाल्या खात्याला घाबरतो, एखादा भारतात पाठवत नाही आणि तुमचा पत्ता भारताचा असतो. ती वेगळीच अडचण आहे, इथल्या एखाद्या नातेवाइकाचा पत्ता चालेल का असं विचारलंत की बऱ्याचदा सुटते.

पाचवं, सेलरची सवय बघा. त्याच्या नावावर जाऊन संपलेली आणि विकलेली लिस्टिंग्ज गाळून बघता येतात, साधारण ९० दिवसांपर्यंतची. एखाद्या माणसाने एकदा बंद केलं तर समजू शकतो. पण जो पाचातली तीन ऑक्शन्स मधेच बंद करतोय तो ऑक्शनचा उपयोग फक्त जाहिरातीसाठी करतोय, वस्तू दाखवायची, खासगी मेसेज गोळा करायचे आणि सगळ्यात मोठ्याला बाहेर विकायचं. अशाकडे बिड लावत बसू नका, वेळ जातो. माझ्या अनुभवात चॅरिटी शॉपवाले आणि जुने धंदेवाईक सेलर ऑक्शन शेवटपर्यंत चालवतात, बंद करणारे बहुतेक पहिल्यांदाच घर आवरायला घेतलेले लोक असतात. त्यांच्याशी नीट बोललं की ते ऐकतात.

आणि तीच सहावी पायरी, मेसेज करा. बंद झाल्यावर नाही, चालू असताना. आमचे लोक इथे कचरतात, इंग्रजीत काय लिहायचं म्हणून, किंवा आपण उत्सुक दिसलो तर भाव वाढेल म्हणून. मी साधारण असं लिहितो, की तुमच्या नाण्यांमध्ये मला रस आहे, बिड लावली आहे, शेवटच्या दिवशी अजून लावणार आहे. मधे कुणी खासगी ऑफर दिली तर कृपया ऑक्शन चालू ठेवा, कारण जो आज ऑफर देतोय त्याला रविवारी बिड लावायला कुणी अडवलेलं नाही. बास, चार वाक्यं. हे शेवटचं वाक्य फार काम करतं, कारण विकणाऱ्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो की अरे खरंच, हा माणूस ८० देतोय म्हणजे वस्तूत काहीतरी आहे, मग घाई कशाला. कितीतरी जणांनी मला उलट लिहिलंय की बरं झालं सांगितलंत, मी आज बंदच करणार होतो.

पण त्यात एक गोष्ट पाळा. स्वतः मात्र बाहेरची ऑफर देऊ नका. मोह होतो, मला माहितीये, धुरकट फोटोत शिवराई दिसली की हात शिवशिवतात. ईबेच्या नियमात साइटवर भेटून बाहेर सौदा करणं, फोन नंबर किंवा मेल देऊन पैसे बाहेर घेणं हे दोघांनाही मना आहे, मेसेजमध्ये नंबर टाकला तर तो अडवलाही जातो. पण नियम बाजूला ठेवा, जे डीलरने आपल्याला केलं तेच आपण सातारच्या एखाद्या कॉलेजच्या पोराला करतोय, जो पैसे साठवून रविवारची वाट बघतोय. आणि सेलरने उलट विचारलं की हे नक्की काय आहे, तर खरं सांगा. मी सांगतो. दोनदा त्यामुळे लॉट माझ्या हातून महाग होऊन गेला, तरी सांगतो. आजीचा डबा आहे त्यांचा.

सातवं, पुन्हा लागतंय का ते बघत राहा. सेव्ह केलेला सर्च ठेवा, 'शिवराई' या शब्दावर नाही कारण विकणाऱ्याला तो शब्द माहीतच नसतो, 'इंडियन कॉपर', 'नेटिव्ह स्टेट', 'मराठा', 'ओल्ड पैसा' अशा शब्दांवर. खासगी सौदे खूपदा फिसकटतात, समोरचा पैसेच पाठवत नाही, आणि तोच लॉट आठवड्याभरात परत लागतो. या वेळी पहिल्या दिवशी बिड लावायची, वर सांगितलं तसं.

आठवं, रिपोर्ट. लिस्टिंगवरच रिपोर्ट करायची सोय असते, त्यात फी चुकवायला बाहेर विकतोय असा पर्याय निवडता येतो. सेलरने तुम्हाला मेसेजमध्ये स्वतःच 'बंद करतो, बाहेर घ्या' असं लिहिलं असेल तरच करा, नुसत्या संशयावर नको. नाणं याने परत येत नाही हे धरून चाला. इंग्लंडमध्ये २०२४च्या ऑक्टोबरपासून खासगी सेलरची विक्री फी बहुतेक कॅटेगरीत काढून टाकली आहे, त्यामुळे फी वाचवायला बाहेर विकायचं कारण इथे कमी झालंय, तरी ऑक्शन्स बंद होतातच, कारण मूळ कारण फीपेक्षा भीतीचं जास्त आहे असं माझं मत आहे.

आता थांबायच्या जागा.

सेलर तुम्हालाच लिहितो की ऑक्शन बंद करतो, तुम्ही बँक ट्रान्सफर करा किंवा पेपॅलवर मित्र-नातेवाइकांच्या पर्यायाने पाठवा, तर तिथेच थांबा. ईबेची मनी बॅक गॅरंटी बाहेरच्या सौद्याला लागू नाही, पेपॅलच्या त्या पर्यायालाही खरेदीदाराचं संरक्षण नाही. आणि लिहिणारा कित्येकदा सेलर नसतोच, त्याचं हॅक झालेलं खातं असतं. तसंच ऑक्शन हरल्यावर 'सेकंड चान्स ऑफर' (हरलेल्या बिडरला वस्तू देऊ करणारी) मेलवर आली तर ईबेत लॉगिन करून तिथल्या मेसेजमध्ये आहे का बघा, तिथे नसेल तर खोटी. पैसे गेलेच असतील तर स्वतः पाठपुरावा करत बसू नका, त्याच तासात बँकेला फोन, भारतात १९३० ही सायबर हेल्पलाइन, इंग्लंडमध्ये १५९ लावलं की बँकेशी जोडून देतात. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात.

दुसरी जागा, नाणं खरंच मोठं निघतंय असं वाटलं तर. फोटोवरून होन किंवा शिवकालीन शिवराई ओळखणं हे माझं काम नाही, जाणकाराचं आहे. बनावट नाणी भरपूर आहेत, आणि मोठी रक्कम लावायच्या आधी वजन, कड आणि अक्षर बघणारा माणूस हवा, तो मुंबई-पुण्यात नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनात भेटतो किंवा नाण्यांचे लिलाव करणाऱ्या संस्थांकडे असतो. भारतात राहून बाहेर विकायचा विचार असेल तर त्याहून आधी थांबा, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

तिसरी जागा वकिलाची, आणि ती फक्त काही देशांत. इंग्लंडमध्ये किंवा भारतात जुन्या लिलावाच्या कायद्याचा धागा असा की हातोडा पडेपर्यंत विक्री पूर्ण होत नाही, त्यामुळे नाण्याच्या लॉटसाठी कोर्टात जाण्यात अर्थ नाही, मी कुणालाच तसं सुचवत नाही. जर्मनीत मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि तिकडे म्युनिक-स्टुटगार्टला आपले बरेच लोक आहेत म्हणून सांगतो. तिथे एकाने जुनी फोक्सवॅगन पसाट ईबेवर १ युरोपासून लावली, एकाने ५५५.५५ युरोची कमाल मर्यादा ठेवून बिड केली, आणि काही तासांतच सेलरने ऑक्शन बंद केलं कारण त्याला बाहेर ४,२०० युरोचं गिऱ्हाईक मिळालं. म्हणजे अगदी आपलंच दुखणं. प्रकरण कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं आणि १२ नोव्हेंबर २०१४ला निकाल लागला की बंद करताना जो सगळ्यात मोठा बिडर होता त्याच्याशी करार झालेला आहे. गाडीची किंमत ५,२५० धरली, म्हणून त्याला ५,२४९ युरो भरपाई मिळाली. त्याच न्यायालयाने २०११मध्ये एका कॅमेऱ्याच्या प्रकरणात असंही म्हटलंय की वस्तू चोरीला गेली तर सेलर बंद करू शकतो, म्हणजे कारण खरं हवं, बाहेर जास्त पैसे मिळतात हे कारण चालत नाही. आपल्यातला कुणी जर्मनीत राहून काही विकत असेल तर त्यानेही हे लक्षात ठेवावं, ९९ सेंटला लावून मधे ओळखीच्याला देऊन टाकणं तिथे महागात पडतं.

तेव्हा जर्मन साइटवर तुम्ही सगळ्यात मोठे बिडर असताना ऑक्शन तुटलं आणि वस्तू खरोखर मोठी असेल, तर बिड रद्द झाल्याचा मेल, लिस्टिंगचा आणि बिड हिस्टरीचा स्क्रीनशॉट, सेलरशी झालेले मेसेज हे सगळं त्याच दिवशी जपून ठेवा आणि तिथल्या वकिलाला दाखवा. स्वतः धमकीची पत्रं लिहू नका. वकिलाची फी वस्तूच्या किमतीच्या आसपास जात असेल तर तो लॉट सोडून द्या आणि पुढच्या लॉटवर पहिल्या दिवशी ९९ सेंटची बिड लावून ठेवा.